अठ्ठावीस म्हणजे सात गंडे

महिना होईल आता. वरोऱ्याला घरी लसूण सोलत बसले होते, तेव्हा कौशीच्या नातीचा गडचिरोलीहून फोन आला. “आजी गेली,” एवढंच ती बोलली... कौशीहून मी दोन महिन्यांनी मोठी, आणि इथेही पहिला नंबर तिनेच लावला! मला आधी रागच आला, रडू नंतर.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली आमची गावची शाळा. वर्गात मुली दोनच. मी शेतकऱ्याची, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारी आणि त्याचा तोरा मिरवणारी. कौशी, म्हणजे कौसल्या, तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. त्यांच्या घरी मासे मोजायचे ते गंड्यानं. चार मासे म्हणजे एक गंडा. हे मोजणं शाळेत यायच्या आधीच तिच्या बोटांत भिनलेलं. पहिलीत गुरुजींनी चौदा लिहायला सांगितलं, तर हिनं पाटीवर ३२ लिहिलं... तीन गंडे आणि वर दोन! वर्ग खो खो हसला, सगळ्यात मोठ्यानं मी. पुढे आकडे ती बरोबर लिहू लागली, पण डोक्यातला हिशेब गंड्यानंच चाले. गुणाकार मांडायचा नाही, हातचा घ्यायचा नाही, पाटीवर नुसतं उत्तर. गुरुजींनी ठरवून टाकलं की ही शेजारणीची पाटी पाहून उतरवते. शेजारीण म्हणजे मी. ती माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. हुशार म्हणवून घेणं कुणाला नको असतं?

चौथीत तिच्या बाबांनी सांगून टाकलं, “पास झाली तं गडचिरोलीले शिकाले धाडतो. नाई तं जाळं विणाले बस.” तोंडी परीक्षा घ्यायला दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, आले. कौशीचे बाबा खांद्यावर ओलं जाळं टाकून दाराबाहेर उभे. साहेबांनी विचारलं, “एका टोपलीत पंचवीस आंबे. अशा अठ्ठावीस टोपल्या. एकूण आंबे किती?”

मी पाटीवर गुणाकार मांडला. “सातशे,” कौशी म्हणाली.

गुरुजी गडबडीनं पुढे झाले. “साहेब, ही पोरगी उतरवते.”

साहेबांनी माझी पाटी मागितली. तिच्यावर ‘पाच आठे चाळीस’मधलं शून्य आणि हातचे चार, एवढंच होतं. आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. “मी कुठी केलं अजून?” मी ओरडलेच. “ते कधीच पायत नाई माह्या पाटीवर!”

साहेब कौशीकडे वळले. “मग कसं केलंस?”

“पंचवीस गंडे म्हंजे शंभर,” ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली. “अठ्ठावीसात सात गंडे. मंग सात शंभर झाले नाई का?”

साहेबांनी एकदा बोटांवर करून पाहिलं, दुसऱ्यांदा केलं आणि हसत सुटले. गुरुजींचं मोठेपण असं, की त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, “चूक माझी साहेब. मी पाटी तपासत राहिलो, डोकं तपासलं नाही.” कौशी पास झाली. तिचे बाबा बाजारभर सांगत फिरले, “माह्या पोरीनं दिपोटी साहेबाले गंडा शिकवला!”

ती गडचिरोलीला शिकली, मास्तरीण झाली. निवृत्तीनंतरही घरच्या ओसरीवर मोहल्ल्यातली पोरं गोळा करून ती गणित शिकवीच.

तिच्या चौदावीच्या कार्याला गेले तेव्हा त्या ओसरीवरच्या फळ्यावर तिच्या अक्षरात एक गणित तसंच होतं. पंचाहत्तर गुणिले सोळा. समोर उत्तराची जागा रिकामी. मी खडू उचलला, रीतसर मांडणी केली. सहा पाचे तीस, हातचे तीन...

“बाराशे!” मागून आवाज आला. कौशीकडे शिकणारी पोरं मागे जमली होती, त्यांतली आठ वर्षांची, दोन वेण्यांची एक पोरगी कमरेवर हात ठेवून उभी होती. “आजी, तुले एवढा वेळ काऊन लागून राह्यला?”

डोळे पुसले, पोटभर हसले आणि खडू तिच्या हातात देऊन खाली पोरांत जाऊन बसले.