मागचे बुश

फुटलेल्या टाचेला कोकमतेल लावलं, की कुंभारवाड्यातली ती सकाळ आठवते.

वहिनीचे दिवस भरत आले होते. तिला दांडेलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पण आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगपाट्यांच्या टोकाच्या कड्यांत बसणारे, धक्के झेलणारे रबरी बुश झिजलेले; प्रत्येक खड्ड्याला पाठीत दणका बसायचा.

“ह्या गाडीत मी बसायची न्हाई,” वहिनीने सांगून टाकलं.

बाबांनी पाटे सोडवले, पण नवे बुश आत शिरेनात. आई म्हणाली, “व्हा बाजूला! बुश बसवताय का बाळंतपण करताय?” तिने कोकमतेलाची वडी रबरावर चोळली. बाबांनी दोन ठोके घातले आणि बुश सरकन आत गेला.

मी घरातली पहिली पदवीधर, चमत्कार मानत नाही. पण त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर वहिनी माझ्या खांद्यावर चक्क झोपली, याचं नवल अजून सरत नाही. वळणावर बाबांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.