आफ्रिकेच्या तेलाचा बंदोबस्त

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. आधी त्या भामट्यावर, मग कायद्यावर आणि सगळ्यात जास्त तेव्हाच्या ठाणेदारावर. ठाणेदार मीच होतो, त्यामुळे त्याला निलंबित करायचं राहून गेलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. माझं ठाणं वडशाहून बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, भोवती जंगल. कामं दोनच. मयताचे पंचनामे करायचे आणि हातभट्टीवर छापे घालून मोहाची मडकी फोडायची. मी इतकी मडकी फोडली होती की मोहाचं नुसतं झाड दिसलं तरी मला ते आरोपी वाटायचं.

अशात एक गृहस्थ आले. पांढरा कोट, मधाळ बोलणं. पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात बरीच वर्षं काढली म्हणाले. तिथं सरोवराकाठी पामची लागवड झाली, फळं शिजवून तेल काढायचे कारखाने निघाले, झोपडीतली माणसं पक्क्या घरात गेली. "तोच उद्योग इथं उभा करू. तुम्ही फक्त जागा मोकळी करून द्या." जागा मोकळी करायची म्हणजे शेतातले, बांधावरचे मोह आणि साग तोडायचे. लाकूड त्यांची कंपनी नेणार आणि बदल्यात गावाला पामची रोपं देणार. नमुना म्हणून लालभडक तेलाची एक बाटली त्यांनी मला भेट दिली. मी बूच काढून हुंगलं आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, "वा! परदेशी माल तो परदेशी माल."

गावसभेत भाषणही मीच ठोकलं. मोह गेला की दारू जाईल, दारू गेली की गुन्हे जातील. टाळ्या पडल्या. ठाणेदाराच्या भाषणाला टाळ्या पडतातच, हे कळायला मला पेन्शन सुरू व्हावी लागली. लोकांनी कागदावर अंगठे उठवले. तोडीच्या वेळी तंटा नको म्हणून मी दोन शिपाई बंदोबस्ताला दिले.

सभेत एकच बाई उठली. विधवा होती. बांधावरच्या तीन मोहांवर तिचं घर चालायचं. फुलं वाळवून ठेवायची, बियांचं तेल काढायचं. दिरानं तिला न विचारता अंगठा दिला होता.

"ठाणेदार साहेब, तेलाचं झाड तोडून तेलाचं झाड लावाचं म्हनता, हे मले काई समजून नाई राह्यलं."

सभा हसली. मीही हसलो.

काही दिवसांनी तीच बाई सकाळी धापा टाकत ठाण्यावर आली. "माह्या बांधावर कुऱ्हाडी आल्या जी. रपट लिवा." नेमकी त्या दिवशी वरिष्ठांची तपासणी होती. ठाण्यात बटणं घासणं चाललेलं, मागच्या चुलीवर साहेबांसाठी भजी. अर्थात आफ्रिकेच्या तेलात. मी तिला ओसरीवर बसवून ठेवलं.

कढई तापली आणि बाई ताडकन उठली.

"इथी कोनाच्या घरच्या टोरीच्या तेलात तळून राह्यले?"

मोहाच्या बियांना तिकडे टोरी म्हणतात. मी म्हणालो, "बाई, ते आफ्रिकेचं तेल आहे."

"आफ्रिकेचं? मंग आफ्रिका माह्या चुलीमागं हाय!"

मी हवालदाराकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"हवालदार, हे टोरीचं तेल आहे?"

"हाव जी."

"तुम्हाला कधी समजलं?"

"बूच उघडलं तवाच समजलं जी. साऱ्यायले समजलं."

"मग बोलला काऊन नाही?" रागाच्या भरात माझीही भाषा घसरली.

"तुमीच म्हनले, वा! मंग आमी काय म्हनाव?"

साहेबांची तपासणी तशीच सोडून मी सायकल हाणली. बांधावर दोन मोह आडवे झाले होते. तिसऱ्याच्या बुंध्यात कुऱ्हाड रुतलेली. शेजारी माझे दोन शिपाई काठ्या घेऊन ताठ उभे. बंदोबस्त अगदी चोख!

गृहस्थांना वडशाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना पकडलं. चौकशीत ते बधेनात. टांगानिकाच्या गोष्टी नव्यानं सांगू लागले. शेवटी मी सुस्कारा टाकून म्हणालो, "बरं झालं. माझे मेहुणे तिकडेच रेल्वेत होते, उद्या येताहेत. तुमच्या गप्पा जमतील." मला मेहुणा एकच, आणि तो बल्लारशाच्या पलीकडे गेलेला नव्हता. पण गृहस्थांनी पाणी मागितलं आणि सगळं ओकून टाकलं. मुंबई बंदरावर ते मालाचे कारकून होते. आफ्रिका त्यांनी पेट्यांवरच्या शिक्क्यांत पाहिलेली. कंपनी म्हणजे लाकूड विकत घेणारा एक ठेकेदार. तेल वडशाच्या बाजारातलं, रतनजोतीची मुळी घालून लाल केलेलं. आमचंच तेल त्यांनी आम्हाला हुंगवलं आणि ते देणारी झाडं आमच्याच हातून तोडवली.

फसवणुकीची कलमं लागली, शिक्षाही झाली, पण ती बाटलीतल्या तेलाबद्दल आणि न आलेल्या रोपांबद्दल. झाडांबद्दल कोणालाच काही झालं नाही. आरोपीच्या वकिलानं कोर्टात मला विचारलं, "तोड बेकायदा होती, तर पोलीस बंदोबस्त कोणी दिला?" मी उत्तर दिलं. कोर्टात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तो लाकडाचा ठेकेदार साक्षीला सुद्धा आला नाही.

पुढं खरोखरच आफ्रिकेत राहून आलेले एक जण भेटले. ते म्हणाले, तिथंही कारखान्यांच्या आधीपासून बाया घरामागच्या पामची फळं कुटून तेल काढतच होत्या. मला त्यांच्यावरही राग आला. ते आधी का भेटले नाहीत?

नोकरीत मी पुष्कळ खोटं ऐकलं. खोटं बोलणारा पकडता येतो. पण साहेब बूच काढून "वा" म्हणाला की गप्प होणारं अख्खं ठाणं, त्याला कुठलं कलम लावायचं? तेव्हापासून मी आधी हाताखालच्यांना हुंगायला लावलं आणि स्वतः नंतर बोललो.

बदली झाली तेव्हा ती बाई निरोपाला आली. तिसरा मोह जगला होता. बुंध्यावरच्या घावासकट त्या वर्षी फुलला-फळला होता. तिनं एक बाटली माझ्या हातात ठेवली. स्टाफ ओसरीवर उभा होता.

"घ्या साहेब, आफ्रिकेचं तेल. आता दोन झाडं कमी हायेत, म्हनून अर्धीच बाटली."