आईच्या हातचं कुंकू

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाबा सिंदीत नगरपरिषदेला उभे राहिले. आमचं किराणा दुकान, वॉर्डात सगळ्यांशी घरोबा, त्यामुळे प्रचाराआधीच बाबांची मान ताठ झाली होती. अडचण एकच, आणि ती घरातच होती. माझ्या लहानपणी आईला कुष्ठरोग झाला होता. सेवाग्रामच्या औषधांनी तो पूर्ण बरा झाला, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली.

उमेदवाराच्या बायकोनं हळदीकुंकू करायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. समोरच्या उमेदवाराची बायको तर दारोदार कुंकू लावत फिरत होती. बाबांच्या दोस्तानं हळूच सुचवलं, "वहिनीले पुढे नका आणू, भाऊ."

"काऊन? बिमारी कवाचीच गेली. बायकोले लपवून मतं मागू का मी?"

मला बाबांचा केवढा अभिमान वाटला! आई नको नको म्हणत होती, तर बाबांनीच तिच्यासाठी नवी साडी आणली. "तू लावजो कुंकू. मी आहो ना."

अंगण भरून बायका आल्या. आई करंडा घेऊन शेजारणीपुढे वाकली. तिनं मान मागे घेतली. "मी घरूनच लावून आली, बाई." दुसरीही घरूनच लावून आली होती. तिसरीही. सगळा वॉर्डच त्या दिवशी घरून कुंकू लावून आला होता म्हणा ना. वाणाच्या वाट्या मी वाटत होते, त्या मात्र एकीनंही सोडल्या नाहीत. आई मधूनच घरात निघून गेली असती तर बरं झालं असतं. ती शेवटच्या बाईपर्यंत वाकत गेली.

बाबा दणकून पडले. बायकोपायी सीट गेली, असं त्याच दिवशी गिऱ्हाईकं दुकानात उभी राहून बोलू लागली. बाबा आता खवळतील म्हणून मी वाट बघत होते. ते पुड्या बांधत राहिले.

निकालाच्याच रात्री आईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. इतकी वर्षं तिच्याच हातचं खाणाऱ्या त्या माणसानं ते बाजूला सरकवलं आणि तो मला म्हणाला, "पोरी, तू वाढ मले." मी वाढलं. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी जेवायला बसले. आई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती, आत येईना. "तूच घे वाढून," ती म्हणाली. "माहा हात नको अन्नाले."