गफ्फारभाईंची फोल्डरं

मूर्तिजापुरात लग्नाचे फोटो काढायचे तर अब्दुल गफ्फार, हे गेली पंचवीस वर्षं ठरलेलं. माणूस कामात तरबेज, पण कॅमेऱ्यात तारीख लावायचा त्याला भारी कंटाळा. बॅटरी काढून ठेवली की कॅमेरा पुन्हा एक जानेवारीवर जायचा आणि गफ्फारभाई त्याला तिथंच राहू द्यायचे. त्यांचा सगळा भरवसा फोल्डरच्या नावावर. ‘सूर्यभानचा पोरगा, वऱ्हाड उशिरा’, ‘किसनरावची लहानी, पंगतीत भांडण’. अशी सहाशे फोल्डरं कम्प्युटरवर होती आणि हवं ते फोल्डर ते चहा निवायच्या आत काढून द्यायचे.

त्यांची मुलगी जेबा अमरावतीला कॉलेजात. सुट्टीत घरी आली ती फोटोंची सूची करणारं सॉफ्टवेअर घेऊनच. पोरीचा हेतू सोन्यासारखा. जुनी फोल्डरं आत घेताना ‘आहे तिथेच ठेवा’ असाही पर्याय होता. बाईसाहेबांनी ‘तारखेप्रमाणे हलवा’ निवडला. तारखा कुठल्या, तर एक जानेवारी! तासाभरात साठ हजार फोटोंची एकच रास झाली आणि सहाशे नावं गेली.

नेमक्या त्याच दुपारी सुभद्राबाई दुकानात आल्या. त्यांचे मालक खुशालराव जाऊन अकरा दिवस झाले होते. परवा तेरवी, आणि भिंतीवर लावायला फोटो नव्हता. कोणी मोबाइल समोर धरला की खुशालराव पाठ फिरवायचे. आधार कार्डावरचे खुशालराव तर बायकोलाही ओळखू येत नव्हते.

“गफ्फारभाऊ, असंन तं तुमच्यापाशीच असंन,” त्या म्हणाल्या.

असणारच होता. आहेर देताना फोटोतून सुटका नसते. नवरा-नवरीच्या शेजारी उभं राहावंच लागतं. गफ्फारभाईंनी जेबाला फोल्डर उघडायला सांगितलं, तशी ती रडवेली झाली.

“अब्बा, सगळी नावं गेली. माह्याच हातानं.”

गफ्फारभाई लालबुंद झाले. पण सुभद्राबाई समोर बसलेल्या. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं आणि खुर्ची ओढली.

“नावं कम्प्युटरातून गेली, माह्या डोक्यातून नाही गेली. सरकव खाली.”

जेबा फोटो सरकवत राहिली आणि ते बोलत राहिले. “हा लाल पडदा किसनरावच्या मांडवाचा. पुढं चाल. हे सूर्यभानच्या पोराचं लगन, बडनेऱ्याहून वऱ्हाड आलं तं चार वाजले होते, आचारी चिडला होता.” ते सांगतील ते जेबा फोटोंना जोडून लिहीत गेली. अब्बा नुसते कॅमेऱ्यामागे उभे असतात, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. ते सगळं ऐकत होते, हे तिला आज कळलं, आणि बापाचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळपर्यंत खुशालरावांचे दोनच फोटो निघाले. एकात ते मान खाली घालून, शांत. दुसऱ्यात चेहरा स्वच्छ समोर, पण तोंड उघडं आणि हात वर.

“काकू, पयला घ्या,” जेबा म्हणाली. “दुसऱ्यात तोंड उघडं हाय.”

गफ्फारभाई हसले. “मले रागावून राहिले होते तवा. म्हणे, आटप लवकर, सुभद्रेचा उपास हाय, सकाळपासून तिच्या पोटात काही नाही, तिले घरी न्याचं हाय.”

सुभद्राबाई स्क्रीनजवळ सरकल्या. कितीतरी वेळ त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“मले तं जनमभर वाटे, याइले माह्या उपासाची खबरच नसते,” त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, “हाच मोठा करून द्या.”

“पण काकू, भिंतीवर असा…”

“असू दे, बाई. घरात आता कोणी बोलत नाही.”