साकोलीजवळचा कोरिया अभ्यासगट

दिल्लीत कोरियाच्या इतिहासावर पीएचडी करून मी साकोलीजवळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आले. माझ्या विषयावर दोन शब्द बोलायला आसपास कोणी नव्हतं. ते मला स्वस्थ बसू देईना. शेवटी सूचनाफलकावर कागद लावला : कोरिया अभ्यासगट, दर शनिवारी दुपारी तीन वाजता.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, कोरिया शिकून काय करतील आपली पोरं? स्पर्धा परीक्षेचा वर्ग घ्या ना."

"एक सत्र बघू, सर," मी म्हणाले.

पहिल्या शनिवारी वर्ग भरला. सगळे कोरियन मालिका आणि गाण्यांच्या ओढीने आलेले. मी जपानी राजवटीत कोरियात झालेल्या जमीनमोजणीचा विषय काढला आणि पुढच्या शनिवारी बाकं रिकामी. मोजकेच उरले. घरी आल्यावर मी नुसत्या येरझाऱ्या घालायची. हे आपण कुणासाठी मांडलंय?

मग दिल्लीतल्या एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. ती कोरियन वंशाची, पण जन्मली उझबेकिस्तानात. त्या दुपारी नेटवर्क येईना. मी फोन धरून खिडकी ते दार फिरत होते, मुलं जांभया देत होती. कशीबशी ती दिसली. तिने हिंदीतून सांगितलं, की तिची आजी लहान असताना रशियाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या साऱ्या कोरियन लोकांना सोव्हिएत सरकारने आगगाडीत भरून मध्य आशियात नेऊन सोडलं. तिथे त्यांनी पाट खणले, धान पिकवलं.

आसगावची एक विद्यार्थिनी उभी राहिली. एरवी ती तोंडही उघडत नसे.

"मॅडम, त्यायले विचारा, धानात काम करताना आजी गाणे म्हणे का?"

मैत्रीण म्हणाली, "मला माहीत नाही. आजीला कधी विचारलंच नाही. आईला विचारते."

कॉल संपल्यावर ती मुलगी तिथेच उभी. "माझी आत्या हैद्राबादले बांधकामावर गेली, तिकडंच राहिली. तिले बी कोणी काही विचारलं नाही."

"मग तू विचार," मी म्हणाले.

मैत्रिणीने आईचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं. मुलीने आत्याशी फोनवर बोलून घेतलं. दोन्ही शेजारी ठेवून तिने निबंध लिहिला आणि नागपूरच्या चर्चासत्रात वाचला. एका प्राध्यापकांनी विचारलं, "यात कोरिया किती आणि आत्या किती?"

"अजून शोधून राहिली सर," ती म्हणाली. मागच्या रांगेत मी पदराचं टोक पिळत बसले होते.

प्राचार्यांनी आता आम्हाला एक खोली दिली आहे. ती मुलगी एम.ए.साठी दिल्लीला गेली. शनिवारी दोघी-तिघी येतात, कधी फक्त एक. तीन वाजत आले की माझं लक्ष दाराकडे लागतं. पुस्तक उघडलेलं असतं, पण एक ओळ वाचून होत नाही.