कायदा पास होईल का?

लंडनजवळच्या मेडनहेड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एक गृहस्थ मला रोज सकाळी भेटायचे. मूळचे नागपूरचे, वर्क व्हिसावर आलेले. इथे कायम राहायची परवानगी पाच वर्षांनी मिळायची, ती दहा वर्षांवर न्यायचा कायदा घाटत होता. त्यांचं पाचवं वर्ष सरत आलं होतं.

"पास होत नाही हो डॉक्टर," ते एकेक बोट दुमडत सांगायचे. "एक तर सरकारचेच खासदार फुटतील. नाही फुटले तर वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये अडकेल. आणि तुमची हॉस्पिटलं कोण चालवणार?" माझा पासपोर्ट केव्हाच ब्रिटिश झाला होता, त्यामुळे मी नुसती मान हलवायचो.

एका शनिवारी आमच्या खासदारबाई लायब्ररीत लोकांना भेटणार होत्या. ते मला सोबत घेऊन गेले. मला वाटलं, आता सगळे मुद्दे निघणार. पण समोर बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "विल इट पास?"

"आय थिंक सो," बाई म्हणाल्या. आधी आलेल्यांनाही तो लागू होईल, हेही त्यांनी सांगितलं. यांनी आभार मानले आणि खुर्ची नीट आत सरकवली.

बाहेर येताच त्यांच्या बायकोचा फोन आला.

"नाही गं, पास व्हायचे चान्स कमीच आहेत म्हणाल्या," ते अगदी सहज बोलले. "तू जेवून घे."

फोन त्यांनी खिशात टाकला.

"सोमवारी तिची ड्रायव्हिंग टेस्ट आहे," मग म्हणाले. "दोनदा नापास झालीये. तेवढी होऊन जाऊ दे, मग सांगतो."