सुरक्षित उमेदवार

चुआंग मिंग-तू हिशेबनीस होता आणि तोंडाचा घट्ट होता. बंदरावरच्या दोन्ही गटांचे कराचे कागद तोच भरायचा, त्यामुळे दोघांच्याही भानगडी त्याच्या पोटात. उमेदवारीवरून दोन्ही गट हातघाईवर आले तेव्हा समोरच्याचा माणूस कुणालाच नको होता, आणि चुआंगला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. असा तो तैपेईच्या संसदेत गेला.

तिथे त्याने दोन मुदती काढल्या. सभागृहात हाणामारी सुरू झाली की चष्मा विरोधी पक्षाच्या एका बाईंकडे सांभाळायला देऊन मगच तो घुसायचा. मतदारांच्या घरच्या लग्नात आशीर्वाद देण्याऐवजी बायको केल्याने करात किती सूट मिळते, ते नवरदेवाला माइकवरून सांगायचा. लोक पोट धरून हसत. बायको आ-ग्वेत मात्र सूपच्या वाडग्यात तोंड घालून बसे.

त्या काळी एका मतदारसंघातून चौघे निवडून जात, पण मतदाराला मत एकच. अमका सुरक्षित आहे असं कानावर आलं की लोक आपलं मत दुसऱ्या कुणा बिचाऱ्याला देऊन टाकत. म्हणून शेवटच्या सभेत झाडून सगळे उमेदवार ‘बुडालो, वाचवा!’ म्हणून गळा काढत, आणि ज्याचं नक्की असे त्याचा गळा सगळ्यात मोठा.

“साहेब, ‘मी धोक्यात आहे’ एवढंच म्हणा,” तिसऱ्या निवडणुकीच्या शेवटच्या सभेआधी प्रचारप्रमुख आ-होक काका विनवत होते. “रडायचं वहिनी बघतील.”

“पण मी धोक्यात नाहीये.”

“कोण असतं हो धोक्यात? म्हणायचं असतं!”

चुआंग मंचावर गेला. “मतांचा अंदाज मी स्वतः तपासलाय,” तो म्हणाला. “मी सुरक्षित आहे. कुणी काळजी करू नये.” टाळ्या पडल्या. काकांनी कपाळावर हात मारला. आ-ग्वेतने डोळ्याला लावायला आणलेला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. तिकडे भाजीबाजारात होंग नावाच्या उमेदवाराची बायको गुडघे टेकून धाय मोकलून रडत होती.

मतदानाच्या रात्रीच मतमोजणी झाली. होंग पहिला, चुआंग पाचवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. मासेवाल्या काकू पिशवीभर मासे घेऊन आल्या. “साहेब, शपथेवर सांगते, फक्त आमच्याच घरची मतं तिकडे गेली. तुम्हीच म्हणालात ना, सुरक्षित आहे!” मग सुपारीवाला आला, मग देवळाचे कारभारी पेरू घेऊन आले. प्रत्येकाचं तेच, फक्त आमच्याच घरची. चुआंग सगळ्यांना म्हणाला, “चालायचंच.” एरवी आ-ग्वेतने एकेकाला उभा सोलला असता, पण आज ती मुकाट्याने चहा ओतत होती.

संध्याकाळी दोघंच जेवायला बसली.

“अहो, रागवणार नसाल तर सांगते. मीही होंगलाच दिलं.”

त्याच्या जेवायच्या काड्या हवेतच राहिल्या. “तू?”

“त्याची बायको किती रडत होती हो! गुडघे सोलले बिचारीचे. आणि तुम्ही तर सुरक्षित. लग्न झाल्यापासून तुमचा आकडा कधी चुकलेला पाहिलाय का मी?” एवढं बोलून तिला हुंदका आला, आणि मग ती त्या होंगच्या बायकोपेक्षाही मोठ्याने रडायला लागली.

चुआंगने माशाचा चांगला तुकडा काटे काढून तिच्या वाडग्यात ठेवला.

“आता रडून काय उपयोग?” तो म्हणाला. “मतदान काल झालं.”